नैवेद्य होऊ दे

लसणाच्या कळ्या फोडायला त्या वर्षी पाच बायका लावल्या होत्या. सहावी घरचीच, अनसूया. दर वर्षी ती पाचींच्या पुढे असायची. गड्डी दोन्ही तळव्यांत धरून एकदा दाबली की कळ्या सुट्या, सालं बाजूला, आणि हात पुढच्या गड्डीवर. या वर्षी तिच्यापुढचा ढीग सगळ्यांत लहान होता. सालांची धूळ उडाली की ती गड्डी मांडीवर ठेवायची, पदर तोंडाशी धरायची आणि खोकायची. खोकला संपला तरी खांदे वरखाली होत राहायचे.

"माँसाब, तुम रेने दो," रामकुंवर म्हणाली. वीस वर्षं ती या शेतावर राबत होती. "तुम तो बैठी-बैठी हम पर नजर रखो."

"नजर ठेवायला हे आहेत ना," अनसूया म्हणाली. "यांना दुसरं काम काय?"

बायका हसल्या. ओसरीच्या टोकाला फुलं निवडत बसलेले भय्यासाहेबही हसले. तिला दमा होता. सात वर्षांपासून होता. थंडी आली की वाढायचा, गावातला कंपाउंडर बाटलीतलं औषध आणि पांढऱ्या बारीक गोळ्या द्यायचा, मग बसायचा. दोनदा उज्जैनला नेऊन थुंकी तपासली होती. टीबी नाही म्हटल्यावर भय्यासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला होता. देवाचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला टीबी निघाला असता तर काय केलं असतं, एवढीच तेव्हा त्यांना काळजी होती.

घराला लागून दत्ताचं देऊळ. शिंदे सरकारच्या दफ्तरात असलेल्या कुणा पूर्वजानं बांधलेलं. पूजा याच घराकडे आणि रोजचा नैवेद्यही. देऊळ उंचावर, अकरा पायऱ्या. नैवेद्याचं ताट अनसूया पायऱ्यांपर्यंत आणून त्यांच्या हाती द्यायची आणि रिकाम्या हातांनी मागून वर यायची. अलीकडे ती चौथ्या पायरीवर थांबून पदर सारखा करायची, आठव्या पायरीवर वाकून बाजूची तुळस बघायची. भय्यासाहेब वर पोचून वाट पाहायचे. तुळशीत काय एवढं बघण्यासारखं, असं त्यांना वाटायचं.

ते ओळखलं मधुरानं. ती त्यांची मुलगी, उज्जैनला नानाखेड्यात राहायची, शाळेत शिकवायची. दिवाळीला आली आणि पहिल्याच दिवशी खालून ओरडली, "आई, तू तिथे काय करून राहिलीस?"

"तुळस बघते."

"बाबा, ही तुळस नाही बघून राहिली. ही श्वास घेते आहे."

"वय झालं तिचं," भय्यासाहेब म्हणाले.

"एकोणसाठ? माझ्या प्रिन्सिपल मॅडम बासष्टच्या आहेत, बॅडमिंटन खेळतात."

दिवाळी सरल्यावर ती दोघांना टावर चौकाजवळच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर शर्वरी छातीच्या विकारांच्या, उज्जैनच्याच मराठी घरातल्या. त्यांनी पाठीवर नळी लावून बराच वेळ ऐकलं, नखं पाहिली आणि विचारलं, "बीडी-सिगरेट कोण ओढतं घरात?"

भय्यासाहेब खुर्चीत ताठ झाले. "आमच्या घरात बीडीला कुणी हात लावलेला नाही. देवाचं घर आहे."

"बरं," डॉक्टर म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

आतल्या खोलीत एक तरुण होता, त्याच्यासमोर कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेली नळी. नळीच्या टोकाला पुठ्ठ्याचं तोंड. अनसूया ते हातात घेईना. तिनं भय्यासाहेबांकडे पाहिलं.

"ये नया है ना?" त्यांनी विचारलं. "किसी का जूठा तो नहीं?"

"नया है बाबूजी, आपके सामने निकाला. अम्माजी, पूरी साँस भरो, और एकदम से छोड़ो. फूंको, फूंको, फूंको! और, और, और!"

परक्या माणसासमोर गाल फुगवून फुंकायची तिला लाज वाटली. पहिल्यांदा हसू फुटलं, दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा ती डोळे मिटून फुंकत राहिली, गळ्याच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून पाणी आलं. पडद्यावर एक रेघ वर चढली आणि लगेच खाली वाकून सरपटत गेली. मग तिला पंपानं औषध दिलं, बाकावर वीस मिनिटं बसवलं आणि परत फुंकायला लावलं. रेघ तशीच.

"दमा असता तर औषधानं नळ्या बऱ्याच उघडल्या असत्या," डॉक्टर म्हणाल्या. "यांच्या उघडल्या नाहीत. हा दमा नाही, भय्यासाहेब. याला सीओपीडी म्हणतात. नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. वर्षानुवर्षं धूर ओढणाऱ्यांना होतो."

"मी सांगितलं ना, बीडी..."

"बीडीच लागते असं नाही. स्वयंपाक कशावर होतो?"

"गॅस आहे," भय्यासाहेब म्हणाले. "बावीस वर्षं झाली."

"गॅसवर चहा होतो," मधुरा म्हणाली. "आणि मी आले तर मॅगी."

"देवाचा स्वयंपाक सोवळ्यातला," भय्यासाहेब म्हणाले. "तो चुलीवर. लाकडं आणि गोवऱ्या. आमच्याकडे तसंच आहे."

"रोज किती वेळ?"

उत्तर अनसूयेनं दिलं. "सहाला पेटवते. साडेदहा होतात."

"किती वर्षं?"

"एकेचाळीस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जे गेलं ते परत येणार नाही. जे उरलंय ते राखायचं. दोन गोष्टी. ही कॅप्सूल गिळायची नाही, या मशीनमध्ये घालून ओढायची. सकाळी उठल्या-उठल्या एक, संध्याकाळी एक. ओढल्यावर श्वास दहा अंकांपर्यंत धरायचा, मग चूळ भरायची. आणि दुसरी गोष्ट, चूल बंद."

"किती दिवस?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"कायमची."

नानाखेड्याहून गावाकडे जाणाऱ्या बसमध्ये अनसूया खिडकीशी बसली. औषधांची पिशवी तिनं मांडीवर धरली होती, त्यात दोन महिन्यांच्या एकशे वीस कॅप्सूल. भय्यासाहेब हिशेब करत होते, पण तो चुलीचा. सोवळ्याच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी. मांजर येतं म्हणून तिच्यावर बत्तीस वर्षांपूर्वी त्यांनीच फळी ठोकली होती. फळी काढली, वर एक पंखा बसवला, तर धूर राहीलच कुठे? डॉक्टर शहरातल्या. त्यांना धुराचं काय कळणार? धूर निघून गेला की गेला. आजोबांनी चालवलं, वडिलांनी चालवलं, आणि आपल्या हातून देवापुढे गॅसवरचा भात जायचा? गावातले लोक पायरीवर बसून प्रसाद खातात. ते काय म्हणतील?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळी काढली. खिळे गंजून लाकडात रुतले होते, तास गेला. उजेड आत आला तेव्हा चुलीमागची भिंत दिसली, डांबर फासल्यासारखी काळी आणि चकचकीत. दर दिवाळीआधी अनसूया ती खुरपीनं खरवडायची, दोन टोपल्या काजळी निघायची. या दिवाळीला तिला ते जमलं नव्हतं. टावर चौकातून पंखा मागवून घेतला, तोही बसवला. भय्यासाहेब घामानं निथळत होते आणि समाधानी होते.

"झालं तुझं काम," ते म्हणाले.

"चांगला उजेड आला," अनसूया म्हणाली.

त्याच्या पुढच्या सकाळची गोष्ट. अनसूया अंघोळ करून, सोवळं नेसून आली. बाहेरच्या खोलीत कोनाड्यात ठेवलेलं मशीन तिनं हातात घेतलं आणि कॅप्सूलची बाटली उघडली. भय्यासाहेब गंध उगाळत होते. त्यांनी मान वर केली, सहज, खोडावरचा हात न थांबवता.

"सोवळ्यात तोंडाला लावणार ते? नैवेद्य होऊ दे, मग घे."

तिनं बाटलीचं झाकण लावलं. मशीन कोनाड्यात ठेवून दिलं, हात धुतले आणि चूल पेटवायला आत गेली. भय्यासाहेब गंध उगाळत राहिले. दुपारपर्यंत ते वाक्य त्यांच्या डोक्यातून गेलंही होतं.

लसूण लावून झाला. पहिलं पाणी दिलं. विजेचा भरवसा नाही, मोटर दुपारी बाराला चालायची किंवा पहाटे चारला. भय्यासाहेब फावडं घेऊन वाफ्यांचं पाणी फिरवत राहायचे. घरी यायचे तेव्हा अनसूया चुलीपुढे असायची किंवा पाटावर टेकलेली. पंखा गरगरत असायचा. पण थंडी पडली तशी उघड्या खिडकीतून वारा आत येऊन धूर परत खोलीतच फिरायला लागला. पंख्याच्या पात्यांवर काळा थर बसला. रात्रीची कॅप्सूल ती त्यांच्यासमोर घ्यायची, नीट, श्वास धरून. तेवढी एक त्यांना दिसायची. औषध चालू आहे, असं ते मधुराला फोनवर सांगायचे.

दत्तजयंतीला सगळं गाव जेवायला असतं. देवळामागच्या मोकळ्या जागेत कंड्यांचा, गोवऱ्यांचा मोठा ढीग पेटवून गावकरी त्यात बाफले, उकडलेले कणकेचे गोळे, भाजतात, डाळ मोठ्या पातेल्यात शिजते, तो धूर सकाळपासूनच अंगणावर पसरलेला असतो. देवाची पुरणपोळी मात्र आतली, अनसूयेच्या हातची. एकवीस पोळ्या. ती पहाटे पाचला चुलीपुढे बसली. मधुरा बाराला येणार होती.

भय्यासाहेब देवळात अभिषेकाची तयारी करत होते. रामकुंवर पायऱ्यांखालून ओरडली.

"भय्यासाब! माँसाब को देखो!"

अनसूया पाटावर पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. तव्यावर पोळी जळत होती. तिचे ओठ निळसर झाले होते. ती श्वास घेत नव्हती, श्वासासाठी झगडत होती. मानेखालचा खड्डा आत ओढला जायचा, तोंडातून बारीक शिट्टी यायची, आणि तेवढंच. तिनं भय्यासाहेबांकडे पाहिलं आणि बोटानं बाहेरचा कोनाडा दाखवला.

ते धावले. मशीन घेतलं, बाटलीतून कॅप्सूल काढली. पण ती घालायची कुठे? मशीनला दोन भोकं होती. एका भोकात ती बसेना, दुसऱ्यातून आत पडली, पुढे काय ते कळेना. त्यांनी हलवलं, उलटं केलं. कॅप्सूल बाहेर पडून चुलीपुढच्या राखेत गेली. पस्तीस दिवस ते मशीन त्यांच्या घरात होतं आणि त्यांनी एकदाही हातात घेतलं नव्हतं. अनसूयेनं हात पुढे केला. तिच्या बोटांना मशीन धरवेना.

"इन्हें पहले धुएँ से बाहर निकालो!" रामकुंवर दारात उभी राहून ओरडली. सोवळ्याच्या खोलीचा उंबरा तिनं वीस वर्षांत ओलांडला नव्हता. भय्यासाहेब काही बोलायच्या आत तिनं तो ओलांडला, अनसूयेच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत अंगणात नेलं. अंगणातही धूर होता. तिथून पुढे, रस्त्यापर्यंत नेलं. गावातल्या पटेलांच्या मुलानं गाडी काढली.

उज्जैनच्या रुग्णालयात तिच्या नाका-तोंडावर मुखवटा बांधला, त्यातून मशीन हवा आत ढकलत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओठांचा रंग बदलला. तिसऱ्या दिवशी ती बसायला लागली. तिथे यायच्या डॉक्टर शर्वरीच. त्यांनी घरून आणलेली औषधांची पिशवी मागून घेतली आणि खाटेच्या कडेला बसून बाटलीतल्या कॅप्सूल मोजल्या.

"एकशे वीस दिल्या होत्या. झटका येईपर्यंत पस्तीस दिवस झाले. सत्तर संपायला हव्या होत्या. पस्तीस-छत्तीसच संपल्या आहेत." त्यांनी अनसूयेकडे पाहिलं. "रोज एकच. कुठली चुकत होती?"

"सकाळची," अनसूया म्हणाली.

"का?"

भय्यासाहेब खाटेच्या पायथ्याशी उभे होते. ते वाक्य आता त्यांना आठवलं. शब्दन्‌शब्द आठवलं, आणि सहाणेवरचा आपला हात थांबला नव्हता, तेही आठवलं.

"मीच विसरायची," अनसूया म्हणाली. "सकाळी घाई असते. नंतर घेईन म्हणते आणि राहूनच जाते."

"आई, तू? तू विसरतेस?" मधुरा म्हणाली. "तुला शेजारच्यांच्या नातवाच्या जन्माची तीथ पाठ आहे."

"वय झालं गं."

डॉक्टर रागावल्या. सकाळचा डोस सर्वांत महत्त्वाचा, नळ्या सकाळी जास्त आकसलेल्या असतात, आणि त्याच वेळी तुम्ही धुरात चार तास बसता, असं त्या बरंच बोलल्या. अनसूयेनं लहान मुलीसारखी मान खाली घातली. भय्यासाहेबांनी तोंड उघडलं. ‘ती नाही विसरली, मी म्हणालो होतो’, एवढंच बोलायचं होतं. तेवढ्यात परिचारिका सुई लावायला आली, डॉक्टर उठल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. मधुरा त्यांच्याकडे बघत राहिली. ती काही विचारील अशी त्यांना भीती वाटली. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे त्यांना कितीदा तरी वाटलं.

सहाव्या दिवशी सोडताना परत फुंकायला लावलं. रेघ आधीपेक्षा खाली गेली होती. "असा प्रत्येक झटका थोडं घेऊन जातो," डॉक्टर म्हणाल्या. "आता पायऱ्या चढायच्या नाहीत. जड उचलायचं नाही. चूल तर नाहीच."

"नाही," भय्यासाहेब म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी गॅसची शेगडी उचलून सोवळ्याच्या खोलीत नेली. चूल लिंपून बंद केली. भिंत खरवडायला घेतली. खुरपीखाली काजळीच्या पापुद्र्यांचे थर निघत होते, तीन टोपल्या भरल्या, नाकातोंडात काळं गेलं, दोन दिवस काळी थुंकी पडली. दोन दिवसांची ती थुंकी त्यांनी अंगणात उभं राहून पाहिली.

भात त्यांनीच केला. पहिल्या दिवशी खाली लागला, दुसऱ्या दिवशी गिचका झाला. अनसूया दाराबाहेर खुर्चीवर बसून सांगायची, "आता बारीक करा. आता झाकण काढा." चौथ्या दिवशी जमला. वरण, भात, तूप, लिंबाची फोड. ताट घेऊन ते अकरा पायऱ्या चढले. मागे पावलं नव्हती. तरी आठव्या पायरीवर त्यांनी एकदा वळून पाहिलं.

नैवेद्य दाखवला. मग नेहमीप्रमाणे पायरीवर बसलेल्या चार-पाच जणांना प्रसाद दिला. त्यांत म्हातारे पटेल होते. ज्यांना काय वाटेल म्हणून भय्यासाहेबांनी बसमध्ये तो सगळा हिशेब केला होता, ते हे.

"भाभीसाब ठीक हैं?" पटेलांनी घास घेत विचारलं.

"हाँ. यह चावल मैंने बनाया." भय्यासाहेब थांबले. "गैस पर."

"अच्छा," पटेल म्हणाले. त्यांनी द्रोण पुढे केला. "थोड़ा और देना. और वो मोटर की लाइट आज कितने बजे आएगी, कुछ पता है?"

भय्यासाहेबांनी भात वाढला. वीज किती वाजता येणार ते सांगितलं. मग रिकामं ताट घेऊन तिथेच उभे राहिले. सगळे उठून गेले तरी उभे होते.

संध्याकाळी दिवेलागणीला अनसूया पायऱ्यांखाली खुर्चीत बसली होती, अंगावर घोंगडी. तिथून वरची समई दिसायची.

"कुणी काही म्हणालं?" तिनं विचारलं. तीन शब्दांत तिला मध्ये थांबावं लागलं.

"पटेल."

"काय?"

"अच्छा म्हणाला. आणि परत भात वाढून घेतला."

अनसूया हसली. हसताना खोकला आला, तो जाईपर्यंत भय्यासाहेब तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. पाठ हाताला हलकी लागली.

"अनसूया, त्या दिवशी सकाळी मी म्हणालो होतो तुला," ते म्हणाले. "सोवळ्यात घेऊ नकोस, नैवेद्य होऊ दे म्हणून."

ती वर समईकडे बघत राहिली. "मला नाही बाई आठवत," म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "मशीन द्या."

त्यांनी कॅप्सूल घातली, चौकोनी भोकात, नीट बसेपर्यंत. मशीन फिरवलं. आता सकाळी अंघोळीनंतर सोवळ्यातच ते पहिलं हेच काम करायचे, आणि संध्याकाळी परत. अनसूयेनं मशीन ओठांत धरलं, ओढलं आणि श्वास धरला. डॉक्टरांनी दहापर्यंत सांगितलं होतं. घरी आल्यापासून भय्यासाहेब मोजत होते आणि रोज ती दहापर्यंत पोचत होती.

"एक-दोन-तीन-चार..."

तिनं हात वर केला. श्वास सोडला, दोन-तीनदा हवा घेतली.

"हळू मोजा," ती म्हणाली. "चार दिवस बघते आहे. आरती म्हणताना नाही एवढी घाई करत."

भय्यासाहेबांनी मान खाली घातली. तिनं मशीनमध्ये उरलेलं पुन्हा ओढलं आणि त्यांच्याकडे पाहत श्वास धरला.

"एक," ते म्हणाले. थांबले. "दोन." देवळातून कापूर विझल्याचा वास आला. "तीन." तिची बोटं घोंगडीत रुतली. "चार." तिचे डोळे त्यांच्या तोंडावर होते. "पाच."

सहा त्यांच्या ओठांवर होतं, तेव्हा तिचा श्वास सुटला.